पायाखाली आग, वर संसार
धनबादजवळच्या झरियात जमिनीच्या भेगांतून धूर निघतो, घरांच्या भिंती तडकतात आणि तरीही त्याच घरांत चुली पेटतात. इथल्या कोळशाला लागलेल्या आगीची पहिली नोंद १९१६ ची, भौंरा खाणीतली. खोदून अर्धवट सोडलेल्या पोकळ्यांत हवा शिरते, कोळसा आपसूक तापत जातो आणि पेट घेतो. तो जळून गेला की वरची जमीन खचते. मे २०१७ मध्ये इंदिरा चौकात बाप-लेक असेच जमिनीत गडप झाले.

आग आवरून लोकांना दुसरीकडे वसवण्यासाठी सरकारने २००९ मध्ये ७,११२ कोटींचा आराखडा मंजूर केला. बेलगडियात वसाहत उभी राहिली. लोक मात्र तिकडे जायला का-कू करतात, आणि त्यांना हटवादी म्हणणं सोपं आहे. पण डोक्यावर कोळशाची टोपली वाहणाऱ्या बाईची रोजी खाणीच्या काठावर असते; नव्या खोलीत ती काय वेचणार?

जागेची कागदपत्रं असलेल्यांचे हक्क वेगळे, नसलेल्यांचे वेगळे, हा आणखी एक गुंता.

जून २०२५ मध्ये केंद्राने ५,९४० कोटींचा सुधारित आराखडा मंजूर केला. त्यात घराबरोबर रोजगाराचाही विचार आला, उशिरा का होईना: कुटुंबामागे एक लाखाचं अनुदान, तीन लाखांपर्यंत कर्ज आणि कौशल्य प्रशिक्षण. जागेची कागदपत्रं नसलेली कुटुंबंही त्यात धरली आहेत.