स्पॅनिश शिकताय? आधी मराठीत बोला!

ऑफिस सुटल्यावर स्पॅनिशचा क्लास लावलाय? मग एव्हाना एक गोष्ट लक्षात आलीच असेल. डोक्यात इंग्लिश वाक्य तयार होतं, आपण शब्दाला शब्द ठेवतो आणि समोरचा गोंधळतो! कारण इंग्लिश एकाच शब्दावर चार-चार कामं भागवतं. स्पॅनिशला ते चालत नाही. गंमत म्हणजे, मराठीलाही नाही.

'आस्क'च घ्या. प्रश्न आस्क करायचा तर 'प्रेगुन्तार', कॉफी आस्क करायची तर 'पेदीर'. अवघड? छे! आपण प्रश्न विचारतो आणि कॉफी मागतो, तसंच. 'प्ले'चंही तेच. फुटबॉल खेळायचा तर 'हुगार', गिटार वाजवायची तर 'तोकार'. 'आय नो' म्हणताना पत्ता माहीत असेल तर 'साबेर', माणूस ओळखीचा असेल तर 'कोनोसेर'. खोलीतला कॉर्नर म्हणजे कोपरा, 'रिन्कोन'. रस्त्यावरचा कॉर्नर म्हणजे नाका, 'एस्किना'.

मात्र प्रत्येक वेळी मराठी तारून नेईलच असं नाही. टॅक्सीत 'राइट' सांगायचंय? उजवीकडे म्हणजे 'आ ला देरेचा', पण 'तोदो देरेचो' म्हणजे सरळ! एका स्वरात रस्ता चुकतो.

रस्ता चुकला तर वळता येतं. पण हॉस्पिटलमध्ये? 1980 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्यूबन कुटुंबातला 18 वर्षांचा एक तरुण बेशुद्धावस्थेत दाखल झाला. घरच्यांनी शब्द वापरला 'इन्तोक्सिकादो'. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी अर्थ घेतला 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत. उपचार सुरू झाले ड्रग्जच्या ओव्हरडोसचे. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. निदानाला उशीर झाला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. भरपाईची रक्कम ठरली सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलर. दुभाषा बोलावलाच नव्हता!

म्हणूनच डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलून मोकळं होऊ नका. समोर चार पर्याय आले, की तेच वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. विचारायचंय की मागायचंय, खेळायचंय की वाजवायचंय, ते तिथेच कळेल. आणि सारखा दिसणारा शब्द भेटला, तर दोनदा तपासा.

पुढच्या क्लासला 'आय लाइक कॉफी'चं भाषांतर करू नका. सरळ म्हणा, 'मला कॉफी आवडते'. स्पॅनिशमध्येही 'मला'नेच सुरुवात होते: 'मे गुस्ता एल काफे!'