गळ टाकण्याआधी
गोंदिया जिल्ह्यात गळ टाकायला पाणी शोधावे लागत नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. मरळ हवी असेल तर पाणवनस्पतींच्या कडेला बसा. हा मासा हवा घ्यायला अधूनमधून वर येतो. पाणी हलकेच फुटते, बुडबुडा उठतो. तिथेच गांडूळ लावलेला गळ अलगद सोडावा. दोरी ताणली तरी घाई नको.

इंग्लंडात राहून हा छंद जडलेल्यांना ठाऊक असेल, तिथे तेराव्या वर्षापासून गळाला परवाना लागतो. इथे अनेक तलाव ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. मत्स्यबीजही त्याच सोडतात. म्हणून आधी संस्थेला विचारा. आणि पावसाच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेली मादी लागली, तर तिला पाण्यात परत सोडा.