आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवा

वैशाखी पौर्णिमेला आम्ही मनोरीला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडली आणि त्यांचे घर गाठले. बुद्धवंदना झाली, खीर झाली. मग यजमानांनी कपाटातून एक जुनी कॅसेट काढली. त्यांच्या दिवंगत आईने थोरल्या नातवाच्या नामकरणाला म्हटलेला भीमाचा पाळणा तिच्यात होता. आईचा आवाज त्या घरात आता एवढाच उरला आहे.

स्पीकर जुने पण उत्तम होते. जुना अ‍ॅम्प्लिफायर मात्र बंद पडल्यामुळे मुलाने नुकताच नवा आणला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजारोंचे वॅट छापलेले. कॅसेट लावली, आवाज वाढवला, तर घर दणाणले. पण शब्द फाटू लागले. धाकटी नात म्हणाली, "आजी काय म्हणते ते कळतच नाही." यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट बंद केली.

पैसे गेले आणि आवाजही मिळाला नाही, असे पुष्कळ घरांत होते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर घेताना काय पाहावे, ते आम्ही येथे देत आहोत.

पहिली गोष्ट वॅटची. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा 'पीएमपीओ' असतो. तो क्षणभराच्या शक्तीचा आकडा. त्याला बाजारात काही ठराविक माप नाही. आपण 'आरएमएस' वॅट विचारावेत, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते ते कळते. तेही एका बाजूला किती आणि किती ओहमला, हे विचारावे.

दुसरी गोष्ट ओहमची. स्पीकरच्या पाठीमागे 4, 6 किंवा 8 ओहम असे लिहिलेले असते. आकडा जितका लहान, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त. कमीत कमी 8 ओहमसाठी बनवलेल्या यंत्राला 4 ओहमचे स्पीकर जोडले तर ते तापते, प्रसंगी जळते. एकाच जोडणीवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले, तर तेही 4 ओहमच होतात, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट स्पीकरच्या संवेदनशीलतेची. समजा स्पीकरवर 88 डेसिबल लिहिले आहे. याचा अर्थ एका वॅटला एक मीटर अंतरावर तो 88 डेसिबल आवाज देतो. माणसाचे साधे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक वॅटसुद्धा घरात कमी नाही! पुढे शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. 20 वॅटऐवजी 40 वॅट घेतले म्हणून आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटत नाही. तसा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते.

मग कमी वॅटचेच घ्यावे का? तसेही नाही. दुबळे यंत्र त्याच्या ताकदीपलीकडे रेटले की आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात. शब्द फाटतात आणि बारीक आवाजाचा ट्वीटर जळू शकतो. मनोरीच्या घरी हेच चालले होते. छापील आकडा हजारांचा, खरी शक्ती थोडी. दहा बाय बाराच्या खोलीत 8 ओहमच्या साध्या स्पीकरला बाजूला 30 ते 50 आरएमएस वॅट पुष्कळ होतात. शेजारच्या गोराईला 2009 साली खुल्या झालेल्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात एका वेळी 8000 साधक बसतात. तेथला हिशेब वेगळा, आपल्या खोलीचा वेगळा.

मंडळाचा जयंतीचा अ‍ॅम्प्लिफायर घरी लावू नये. अहुजासारख्या सभेच्या यंत्रांवर 100 व्होल्टची लाइन असते. ती लांबवरच्या भोंग्यांसाठी आहे; घरचे स्पीकर तिला जोडले तर जळतील.

कॅसेट डेक किंवा मोबाइल जोडायला 'ऑक्स' किंवा 'लाइन' खाच पुरते. तबकड्या वाजवायच्या असतील तर 'फोनो' खाच आहे का ते पाहावे. लाल तार लालला, काळी काळ्याला जोडावी. एका बाजूची उलटली तर खर्ज नाहीसा होतो. यंत्राच्या वर वीतभर जागा मोकळी ठेवावी. मनोरीसारख्या खाऱ्या हवेत तारांची टोके हिरवी पडतात. वर्षातून एकदा वीज बंद करून टोक कापावे आणि नवे सोलून बसवावे.

घेण्यापूर्वी भाडकमकर मार्गावर, म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडवर, दोन-चार दुकानांत ऐकून पाहावे. आपला एक स्पीकर आणि आपल्या माहितीचे गाणे बरोबर न्यावे. आधी हळू आवाजात ऐकावे. हळू आवाजात शब्द कळला तर यंत्र चांगले.

आपली परंपरा शब्दांची आहे. 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसेकारांनी बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत गाऊन पोहोचवला. वामनदादा कर्डक (1922–2004) आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. लोकांनी ती गाणी शब्दांसाठी ऐकली, शब्दांसाठी पाठ केली. दणका तर कोणत्याही गाण्याला देता येतो.

आमच्या स्नेह्यांच्या मुलाने एक स्पीकर बोटीतून नेला आणि यंत्र बदलून आणले. आता बाजूला 40 आरएमएस वॅटचे, 8 ओहमचे आहे; खोक्यावर मोठी अक्षरे नाहीत. परवा पुन्हा जाणे झाले. कॅसेट लावली, आवाज अर्ध्याहून कमी. पाळण्याच्या चौथ्या कडव्यापाशी आजी थांबून खोकते आणि मागून कुणीतरी "पाणी द्या गं आईंना" म्हणते, तेसुद्धा ऐकू आले. ते म्हणणारी सूनबाई समोरच बसली होती. तिने डोळ्यांना पदर लावला.

वाचकहो, अशी कॅसेट आपल्याही घरी असेल. ती मोबाइलवर उतरवून ठेवा आणि मुलांना ऐकवा. नमो बुद्धाय, जयभीम!