जुनी वेगवान मोटार आणि रोजची वाट

मोटारगाडी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींना वाटेल. पण जी वस्तू माणसाच्या मिळकतीतून दरमहा वाटा मागते, तिचा विचार चारचौघांत व्हावयास हवा, अशी माझी समजूत आहे. मी इंजिनिअर नाही. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांतून झालेले. तीस वर्षे कामगारांच्या पगारपत्रकांशी माझा संबंध आला आणि गेल्या काही वर्षांत त्या पत्रकांत ‘गाडीचा हप्ता’ ही कपात वारंवार दिसू लागली. तेव्हापासून मी या विषयाकडे लक्ष देऊन पाहू लागलो.

आपल्या वर्धा जिल्ह्यातून कितीतरी तरुण रोज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. कोणी बसने, कोणी दुचाकीने, तर कोणी चौघांत मिळून एका मोटारीने. यांपैकी एखाद्याची दोनचार वर्षांची शिल्लक जमली की त्याच्या मनात चारचाकीचा विचार येतो. नवी साधी गाडी परवडत नाही. इतक्यात नागपूरच्या बाजारात एक जुनी, देखणी, दमदार गाडी नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत दिसते. फियाटची पालिओ १.६, पुंटो अबार्थ, फोक्सवॅगनची पोलो जीटी, स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस, ही त्यांतली काही नावे. ‘एवढी ताकद एवढ्या पैशात!’ असे तो म्हणतो. प्रश्न इतकाच, की ही गाडी रोजच्या कामाला घ्यावी काय?

प्रथम हे सांगितले पाहिजे, की या गाड्या परक्या नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी तयार झाली. त्याच कुर्ल्यात २००१ नंतर पालिओ जुळू लागली. तिच्या १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती होती आणि त्या काळच्या लहान गाड्यांत ती मोठी गोष्ट होती. २०१५ साली आलेली, १४५ अश्वशक्तीची पुंटो अबार्थ पुणे जिल्ह्यातील रांजणगावची. पोलो चाकणची. ऑक्टेव्हिया औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. महाराष्ट्राच्या कामगारांच्या हातांनी जुळवलेल्या या गाड्या आहेत. त्यांच्याविषयी तरुणांना ओढ वाटते यात नवल नाही आणि वाईट तर मुळीच नाही. कष्टकऱ्याने नेहमी रडक्या गाडीतूनच फिरावे, असा काही नियम नाही.

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाडीची किंमत बाजार ठरवतो. गिऱ्हाईक कमी, शंका जास्त, म्हणून किंमत उतरते. पण तिच्या सुट्या भागांची किंमत तो बाजार ठरवीत नाही. ती कंपनीच्या यादीवर असते. दहा लाखांची गाडी दहा वर्षांनी अडीच लाखांना मिळेल, पण तिचा टर्बो, तिचा गिअरबॉक्स, तिचे ब्रेक हे दहा लाखांच्या गाडीचेच राहतात. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा बकरीएवढा होत नाही. जुन्या वेगवान गाडीचे सगळे अर्थशास्त्र या एका गोष्टीत सामावले आहे. विकत घेताना आपण जुन्या गाडीचे मालक असतो, दुरुस्त करताना नव्या गाडीचे!

विम्याने हे भरून निघेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. नेहमीच्या विम्यात दावा मंजूर झाला तरी रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग आणि बॅटरी यांच्या किमतीत निम्मी घट धरतात, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. शिवाय विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. आपोआप बंद पडलेल्या यंत्राचा पैसा विमा कंपनी देत नाही.

दुसरा खर्च पेट्रोलचा. वर्धा ते बुटीबोरी अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन शंभर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. साधी गाडी १८ चे ॲव्हरेज देत असेल तर महिन्याला सुमारे १४,६०० रुपये लागतील. दमदार जुनी गाडी १२ चे देत असेल तर सुमारे २१,९०० रुपये. फरक दरमहा सात हजारांवर, वर्षाला सत्याऐंशी हजारांच्या घरात. ज्या स्वस्ताईसाठी गाडी घेतली, ती तीन वर्षांत पेट्रोलपंपावर संपते. शिवाय हे वर्षाचे तीस हजार किलोमीटर झाले. म्हणजे दहा हजारांवर ऑइल बदलायचे म्हटले तरी वर्षात तीन वेळा, आणि दीड-दोन वर्षांत टायरचा नवा जोड. रोजच्या कामाची गाडी आणि रविवारची गाडी यांतला फरक हाच, की रोजची गाडी दहा वर्षांचे दुखणे तीन वर्षांत बाहेर काढते.

पेट्रोलविषयी आणखी एक. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. एप्रिल २०२३ नंतर त्याला साजेशा गाड्या निघू लागल्या, पण त्यापूर्वीच्या अनेक गाड्या त्या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे घटते. जुन्या रबरी नळ्या आणि गास्केट यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. पंधरा वर्षांची गाडी घेताना या नळ्या बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

मग तपासायचे काय? मिस्त्रीला सोबत न्यावे हे उत्तमच, पण काही गोष्टी आपल्यालाही कळतात. गाडी पाहायला सकाळी जावे, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा एकदा जावे. चालू करताच निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही, तर कूलंटचे पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपला आहे.

ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, त्याचा पुरावा मागावा. हा रबरी पट्टा आत फिरणाऱ्या भागांचा मेळ राखतो. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि काही हजारांचा खर्च लाखाच्या आसपास जातो. गाडी कमी धावली म्हणून पट्टा चांगला, असे नाही. रबर वयानेही कुजते, आणि आमच्या वर्धेचा मे महिना, ज्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रबराला सुखाचा नव्हे. टर्बो असलेल्या गाडीत ऑइल वेळेवर बदलले होते काय, हे बिलांवरून पाहावे. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर प्रचंड वेगाने फिरतो. ऑइल जुने झाले की तो थर जळून चिकटतो. पोलो जीटीच्या पहिल्या पिढीतील स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये कोरडे दुहेरी क्लच असतात. गर्दीत थांबत-चालत जाताना ते तापतात. अशी गाडी रस्त्यावर निदान अर्धा तास, तीही गर्दीच्या वेळी, चालवून पाहावी.

वेगवान गाडीच्या बाबतीत आणखी एक शंका नेहमी धरावी. ती तिच्या आधीच्या मालकाने वेगासाठीच घेतली होती. पुष्कळ जण इंजिनाच्या संगणकातील मापे बदलून ताकद वाढवून घेतात, मोठा आवाज करणारे सायलेन्सर बसवतात. असे फेरफार मोटार वाहन कायद्याला मान्य नाहीत आणि विम्याच्या दाव्यात ते अंगाशी येतात. कामगाराची हजेरीपुस्तिका पाहिल्याशिवाय त्याच्या सेवेचा हिशेब लागत नाही, तशी गाडीची दुरुस्तीची बिले पाहिल्याशिवाय तिचा हिशेब लागत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. पण झिजलेले स्टिअरिंग, गुळगुळीत झालेले पेडल आणि टायरवरची तारीख यांना खोटे बोलता येत नाही. टायरवर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

नागपूरहून गाडी घेणाऱ्यांनी २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ध्यानात ठेवावी. त्या दिवशी नाग नदीचे पाणी शहरात शिरले आणि अनेक मोटारी बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करता येते, पण तिच्या तारांच्या जोडांत गंज राहतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाशी गाळ आहे काय ते पाहावे, गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा.

आता कागद. गाडी घेतल्यावर नाव बदलणे हा उपचार नव्हे. फॉर्म २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात नोंद होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जुनाच मालक जबाबदार राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे. म्हणून ही घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यानेही करावी. गाडीवर कर्ज होते काय, ते फिटल्याचा फॉर्म ३५ आहे काय, दंडाची चलने थकली आहेत काय, हे आधी पाहावे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंधने आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे येतात. त्यांना तिकडचा ना-हरकत दाखला लागतो, आणि येथे पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत मिळवल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क पाच हजार रुपये झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. पर्यावरण कर निराळा.

एक गोष्ट मला संघटनेचा माणूस म्हणून दिसते. कंपनी देश सोडते किंवा गाड्या विकणे थांबवते, तेव्हा दोघे उघड्यावर पडतात, तिचा कामगार आणि तिचे गिऱ्हाईक. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस आपल्या देशात विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादन संपले. फियाटच्या पुंटो आणि लिनिया २०१९ च्या सुमारास बाजारातून गेल्या. अशा गाड्यांचे भाग मिळत नाहीत असे नाही, पण ते मागवावे लागतात आणि वाट पाहावी लागते. पंधरा दिवस गाडी गॅरेजात उभी राहिली तर रविवारी फिरणाऱ्याचा रविवार बुडतो. रोज पाळीवर जाणाऱ्याच्या मात्र हजेऱ्या बुडतात. कंत्राटावर असलेल्या मुलाला तर चौथ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ असेही ऐकावे लागते.

आणि हा तोटा एकट्याचा राहत नाही. आपल्याकडे पतसंस्थेचे कर्ज दोन सहकाऱ्यांच्या जामिनावर मिळते. कर्जदाराची पाळी बुडाली, पगार तुटला, हप्ता थकला की वसुली जामीनदाराच्या पगारातून सुरू होते. ज्याने त्या गाडीत कधी पाऊल टाकले नाही, त्याच्या मुलाच्या फीचे पैसे तिच्या गिअरबॉक्ससाठी जातात. अशी प्रकरणे मिटवताना मी पाहिले आहे, की पैशाचे भांडण मिटते पण एका यंत्रावर शेजारी उभे राहणाऱ्या दोघांचे बोलणे बंद होते ते होतेच.

मग घेऊच नये काय? मी तसे म्हणत नाही. या गाड्यांचे खरे गुण वेगात नाहीत. समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारीची मर्यादा ताशी १२० आहे आणि ती साधी गाडीही गाठते. खरे गुण आहेत चांगल्या ब्रेकमध्ये, वळणावर न डगमगण्यात, दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या पुढे लवकर आणि सुरक्षित निघून जाण्यात. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला हे गुण लहान नव्हेत. फक्त चार अटी मी सांगतो. गाडीच्या किमतीचा निदान तिसरा हिस्सा खरेदीनंतर हातात शिल्लक असावा, आणि तो उसना नसावा. ती गाडी ओळखणारा मिस्त्री वर्ध्यात किंवा नागपुरात आधी शोधावा, गाडी नंतर. ती गॅरेजात असताना कामावर जाण्याची दुसरी सोय, बस असो की सोबत्याची गाडी, ठरलेली असावी. आणि जामीन राहणाऱ्या मित्राला केवळ हप्ता न सांगता सगळा हिशेब दाखवावा. चारही अटी पुऱ्या होत असतील तर गाडी जरूर घ्यावी आणि आनंदाने चालवावी. एखादी अपुरी असेल तर ती पुरी होईपर्यंत थांबावे. जुन्या गाड्यांचा बाजार कुठे पळून जात नाही, आणि थांबणाऱ्याला किंमत उतरूनच मिळते.