दूरध्वनी केंद्रातील बिघाड, अलार्म आणि लॉग यांचे व्यवस्थापन : जालना जिल्ह्यातील ग्रामीण परिस्थितीच्या संदर्भात

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या चर्चेत संगणक, इंटरनेट व मोबाईल यांना जेवढे स्थान मिळते तेवढे त्यांच्यामागे उभ्या असणाऱ्या स्विचिंग यंत्रणेला मिळत नाही. महाविद्यालयाचा दूरध्वनी बंद पडला की ‘लाइन गेली’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपतो. वस्तुतः इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी केंद्र हे स्वतःच्या प्रकृतीविषयी सतत माहिती देणारे यंत्र आहे. कोणता भाग निकामी झाला, केव्हा झाला, त्याचे काम कोणत्या भागाने हाती घेतले, हे ते सांगते आणि लिहूनही ठेवते. हे सांगणे ऐकणारा आणि लिहिलेले वाचणारा कोणी आहे काय, हा खरा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात बिघाड, अलार्म व लॉग यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला असून, कर्मचारी क्वचितच हजर असतो अशा ग्रामीण केंद्रात या व्यवस्थेचे काय होते याचा विचार जालना जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे ८ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९.५९ लाख असून त्यातील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अशा विखुरलेल्या वस्तीला एकाच मोठ्या केंद्रातून तांब्याच्या तारा ओढून सेवा देणे परवडत नाही. गावोगावी लहान केंद्रे उभारावी लागतात. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या शासकीय संस्थेने देशभरातील नेमकी हीच गरज ओळखली. तिचे १२८ पोर्टचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र कर्नाटकातील कित्तूर येथे जुलै १९८६ मध्ये प्रथम बसविण्यात आले. वातानुकूलनाशिवाय चालणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या मराठवाड्यासारख्या प्रदेशात या एका गुणाचे मोल किती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि वातानुकूलनाशिवाय चालणारे केंद्र माणसाशिवायही चालेल, असा एक समज त्याबरोबर रूढ झाला. तो तपासून पाहिला पाहिजे.

दोष आणि सेवाखंड :

मराठीत ‘बिघाड’ हा शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच गोंधळ होतो. यंत्रातील एखादा भाग निकामी होणे ही एक गोष्ट. त्यामुळे ग्राहकाची सेवा थांबणे ही दुसरी. पहिलीला ‘दोष’ व दुसरीला ‘सेवाखंड’ म्हणणे सोयीचे होईल. स्विचिंग यंत्रणेची सारी रचना दोषाचे रूपांतर सेवाखंडात होऊ नये या एका हेतूने केलेली असते. अमेरिकेत १९६५ मध्ये सेवेत आलेल्या बेल कंपनीच्या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक केंद्रासाठी अभियंत्यांनी ४० वर्षांत एकूण २ तासांहून अधिक काळ केंद्र बंद राहू नये, असे उद्दिष्ट ठेवले होते. कोणतेही एकेरी यंत्र हे उद्दिष्ट गाठू शकत नाही. म्हणून महत्त्वाचे भाग दुहेरी ठेवले जातात. नियंत्रक दोन असतात, कॉल जोडणारा मधला भागही दुहेरी असतो. एक काम करतो व दुसरा सज्ज राहतो. ग्राहकाची तार जेथे येऊन मिळते ते लाइन कार्ड मात्र एकेरीच असते. सी-डॉटच्या केंद्रात अशा एका कार्डावर ८ ग्राहक असतात. त्यामुळे कार्ड गेले तर आठ दूरध्वनी एकदम बंद पडतात. तारेचा दोष बहुधा एकट्यादुकट्याला गाठतो, हा फरक लक्षात घेतला तर निम्मे निदान तक्रारींच्या यादीवरूनच होते.

काम करणारा नियंत्रक निकामी झाला तर सज्ज नियंत्रक क्षणार्धात काम हाती घेतो आणि ग्राहकाला काहीही कळत नाही. येथेच या विषयाचे मर्म आहे. दुहेरी यंत्रणेतील पहिल्या दोषाची तक्रार कोणीही करीत नाही, कारण त्याचा त्रास कोणालाही होत नाही. मात्र त्या क्षणापासून केंद्र एका पायावर उभे असते. निकामी कार्ड बदलले गेले नाही आणि पुढे केव्हातरी दुसरेही गेले, तर संपूर्ण केंद्र बंद पडते. मग ‘केंद्र अचानक बंद पडले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ते अचानक नसते. पहिल्या व दुसऱ्या दोषामध्ये कित्येक आठवडे गेलेले असू शकतात. त्या आठवड्यांचा साक्षीदार एकच, तो म्हणजे केंद्राचा लॉग.

अलार्म म्हणजे काय :

केंद्रातील संगणक आपल्या प्रत्येक भागाला ठरावीक अंतराने प्रश्न विचारतो, आलेल्या उत्तरातील बिट मोजून पाहतो, वेळेत उत्तर आले नाही तर पुन्हा विचारतो. दोष निश्चित झाला की तो भाग सेवेतून बाजूला काढला जातो, सज्ज भाग पुढे केला जातो व त्यानंतर अलार्म दिला जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे. अलार्म वाजतो तेव्हा यंत्राने आपल्यापुरता उपाय बहुधा केलेला असतो; माणसाने करावयाचे काम तेवढे बाकी असते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९२ च्या एक्स.७३३ या शिफारशीत अलार्मची तीव्रता अतिगंभीर, मोठा, किरकोळ व पूर्वसूचना अशा पायऱ्यांनी सांगितली आहे. तीव्रता ठरविता येत नाही अशांसाठी आणि दोष दूर झाल्याचे कळविण्यासाठी स्वतंत्र संज्ञा आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या केंद्रांत नावे बदलतात, तत्त्व तेच राहते. सी-डॉटच्या मोठ्या केंद्रात अलार्मसाठी स्वतंत्र फलक असतो. त्यावर दिवे लागतात, आवाज होतो आणि कर्मचाऱ्याने कळ दाबून ‘समजले’ असे कळवायचे असते. कळ दाबली की आवाज थांबतो; दोष मात्र तसाच राहतो. आवाज थांबविणे म्हणजेच काम झाले अशी सवय लागणे हा या व्यवस्थेतील सर्वांत जुना मानवी दोष म्हणावा लागेल.

दुसरी अडचण अलार्मच्या पुराची. समजा, रस्त्याच्या खोदकामात जालना व अंबड यांच्यामधील ऑप्टिकल फायबर तुटली. त्या फायबरवरून जाणारा प्रत्येक ३० वाहिन्यांचा प्रवाह बंद पडतो आणि प्रत्येक प्रवाहाची दोन्ही टोके स्वतंत्र अलार्म देतात. दोष एक, अलार्म शेकडो. यावर संदेशवहनातच एक सुंदर उपाय योजलेला आहे. ज्या उपकरणाला येणारा संदेश मिळेनासा होतो ते पुढच्या उपकरणाकडे केवळ एकांची अखंड मालिका पाठवू लागते. तिचा अर्थ असा की दोष मागे कोठेतरी आहे, तो येथे शोधू नये. तसेच ते विरुद्ध दिशेने पलीकडच्या टोकालाही कळविते की, तुमचा संदेश येथे पोहोचत नाही. म्हणजे काही अलार्म दोषाची जागा दाखवितात, तर काही दोष कोठे नाही हे सांगतात. हा भेद न जाणणारा कर्मचारी निर्दोष केंद्रातील चांगली कार्डे काढून पाहत बसतो.

लॉगचे वाचन :

अलार्म हा वर्तमानकाळ असेल तर लॉग हा भूतकाळ होय. अलार्म दूर झाला की फलकावरून नाहीसा होतो; लॉगमध्ये त्याचा आरंभ व शेवट दोन्ही राहतात. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, अनुक्रमांक, संबंधित भागाचा पत्ता म्हणजे मॉड्यूल, चौकट व खाचेचा क्रमांक, दोषाचा संकेतांक व यंत्राने केलेली कृती असते. मोठ्या केंद्रात ही नोंद डिस्कवर ठेवली जाते व प्रिंटरवर छापलीही जात असे. लहान ग्रामीण केंद्रात स्मरण मर्यादित असते. जागा भरली की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी लिहिली जाते. त्यामुळे एखादा क्षुल्लक दोष वारंवार येत-जात राहिला तर तो एकटाच लॉग भरून टाकतो आणि महत्त्वाची जुनी नोंद पुसली जाते. केंद्राचे घड्याळ चुकलेले असेल तर दोन केंद्रांच्या नोंदी जुळवून आधी काय घडले हे ठरविताच येत नाही. घड्याळ बरोबर लावणे हे काम कोणी फारसे मनावर घेत नाही.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. मराठवाड्यात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणे ही नित्याची बाब होती. दूरध्वनी केंद्र ४८ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालते. ती २ व्होल्टचे २४ घट जोडलेल्या बॅटरीतून व तिला भारित ठेवणाऱ्या रेक्टिफायरमधून मिळते. वीज गेली की ‘मुख्य पुरवठा खंडित’ असा अलार्म येतो; बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की ‘व्होल्टता कमी’ असा दुसरा. भारनियमनाच्या काळात पहिला अलार्म रोजच येणार. जो इशारा रोज खरा ठरतो आणि ज्यावर काहीही करता येत नाही तो इशारा म्हणून उरत नाही. त्याच्या सवयीने मग दुसऱ्याकडेही दुर्लक्ष होऊ लागते.

परंतु याच दोन कंटाळवाण्या नोंदी एकत्र वाचल्या तर त्यांतून एक मौल्यवान माहिती मिळते. उदाहरणादाखल, जानेवारीत पुरवठा खंडित झाल्यापासून व्होल्टता कमी होईपर्यंत ६ तास गेले, मार्चमध्ये साडेचार, मे महिन्यात अडीच. यातील एकही अलार्म नवा नाही, एकही अतिगंभीर नाही. तरीही दोन नोंदींमधील अंतर सांगते की, बॅटरी संपत आली आहे आणि पुढच्या दीर्घ भारनियमनात केंद्र बंद पडणार आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान ठरविलेल्या मर्यादेपेक्षा १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतील मे महिन्याची दुपार लक्षात घेता हा ऱ्हास वेगाने होणार हे उघड आहे. कार्डे उष्णतेत टिकतील अशी बनविली गेली; बॅटरीला ती सवलत नव्हती. अंतर मोजण्याचे हे काम साध्या वहीवर होऊ शकते. त्यासाठी कोणी नियमितपणे लॉग उघडून पाहणे तेवढे आवश्यक असते.

दुर्लक्षित अलार्म ही केवळ मागास भागाची अडचण नव्हे. १७ सप्टेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कमधील थॉमस स्ट्रीटवरील एटी अँड टी कंपनीच्या केंद्रात याचेच मोठे उदाहरण घडले. वीज कंपनीशी झालेल्या कराराप्रमाणे, मागणी वाढलेली असल्याने केंद्र स्वतःच्या जनरेटरवर घेण्यात आले. त्या वेळी रेक्टिफायर बंद पडले व भार बॅटरीवर आला. सुमारे ६ तास बॅटरीने केंद्र चालविले. या सहा तासांत अलार्मची दखल घेतली गेली नाही. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मजल्यांवर फिरून पाहणी व्हावयास हवी होती, तीही झाली नाही. संबंधित तंत्रज्ञ एका प्रशिक्षण वर्गाला गेले होते आणि वर्गाचा विषय होता नवी अलार्म व्यवस्था! ५० लाखांहून अधिक कॉल अडले आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या खासगी वाहिन्या बंद पडून विमानसेवा विस्कळीत झाली. बॅटरीचे सहा तास हे मनुष्याला दिलेले सहा तास होते. जगातील प्रगत केंद्रात ते वाया गेले, मग कुलूपबंद ग्रामीण केंद्राविषयी काय बोलावे?

तक्रार हाच अलार्म :

कर्मचारी नसलेल्या केंद्रात व्यवहारतः ग्राहकच अलार्मचे काम करतो. भारत संचार निगमच्या काळात १९८ क्रमांकावर तक्रार नोंदविली जाई, मग लाइनमन डीपी, पिलर व केंद्रातील मुख्य चौकट अशा क्रमाने तपासणी करी. तारेच्या दोषासाठी ही पद्धत योग्यच आहे. परंतु संपूर्ण केंद्र बंद पडले तर तक्रार करण्याचे साधनच बंद पडते, ही तिची अंगभूत मर्यादा होय. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००९ च्या नियमावलीत दरमहा १०० ग्राहकांमागे ५ पेक्षा अधिक बिघाड नसावेत, असा निकष होता. निकष उपयुक्त होता, मात्र त्यात मोजले जाई ते ग्राहकाला जाणवलेले. एका पायावर उभे असलेले केंद्र या हिशेबात निर्दोषच दिसते.

३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्यांच्याबरोबर अनेक केंद्रांच्या स्वभावाची तोंडी माहितीही गेली. कोणता रेक्टिफायर दोनदा चालू करावा लागतो, कोणत्या खाचेत धूळ बसते, या गोष्टी कोणत्याही लॉगमध्ये लिहिल्या जात नाहीत. आता अलार्म दूरच्या नियंत्रण कक्षात एकत्र केले जातात व संगणकच त्यांतील मूळ दोष वेगळा काढतो. पुराच्या अडचणीवर हा उपाय चांगला आहे. बॅटरी बदलण्यास मात्र आजही कोणाला तरी मंठ्याला किंवा जाफराबादला जावेच लागते.

तांब्याची जागा घेणाऱ्या फायबरच्या जोडणीत ग्राहकाकडील लहान पेटीलाही अलार्मची सोय आहे. तिची वीज गेली तर अंगात उरलेल्या क्षणभराच्या शक्तीवर ती केंद्राकडे एक अखेरचा संदेश पाठविते. अभियंते त्याला ‘अखेरचा श्वास’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. तो संदेश येऊन जोडणी गेली तर वीज नाही असे समजावयाचे. न येता गेली तर बहुधा फायबर तुटली आहे. पहिल्या प्रसंगी थांबायचे, दुसऱ्या प्रसंगी माणूस पाठवायचा. मात्र हा संदेश ज्या केंद्रात पोहोचतो तेथील यंत्रणाही ४८ व्होल्टच्या बॅटरीवरच उभी असते आणि तिच्या लॉगमधील दोन नोंदींचे अंतर आजही तसेच मोजता येते.