मोसमाचा शेवट : वानखेडे, ७ मे १९९१
(लेखमाला : मैदान आणि मोसम, भाग नववा)

किहीमच्या किनाऱ्यावर टेनिस बॉलचे सामने ओहोटी बघून लावतात. षटकं ठरलेली, निकाल त्याच दिवशी. त्यामुळे गेल्या भागातला नियम इथल्या मुलांच्या सहजी पचनी पडत नाही: रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याचा करंडक. हा नियम काय करू शकतो, ते समुद्रापलीकडच्या वानखेडेवर ३ ते ७ मे १९९१ या पाच दिवसांत दिसलं.

कपिल देवच्या हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. दीपक शर्मा १९९ वर बाद झाला, चेतन शर्मा ९८ वर. मुंबईला ४१० पर्यंतच जाता आलं. पुढे हरियाणा २४२ वर आटोपला आणि शेवटच्या दिवशी मुंबईसमोर ३५५ धावांचं लक्ष्य आलं.

आता त्या ११२ धावांच्या पिछाडीकडे बघा. ती नसती, तर मुंबईने सावध खेळून दिवस काढला असता. पण इथे सामना वाचवणं म्हणजेच करंडक घालवणं होतं. ३ बाद ३४ अशी पडझड झाल्यावरही मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या सचिन तेंडुलकरने तसंच केलं. ७५ चेंडूंत ९६. दुसऱ्या बाजूला दिलीप वेंगसरकर उभा होता, वय ३५. दोघांनी १३४ धावा जोडल्या. सचिननंतर विनोद कांबळीने ४५ केल्या, पण विकेट पडतच राहिल्या. नववी पडली तेव्हा धावफलकावर ३०५ होत्या. पन्नास धावा हव्यात आणि सोबतीला अकरावा अ‍ॅबी कुरुविला.

मोसमाचं टोक होतं तेही मे महिन्याचं. अंगातून पाणी निथळवणारा तो दमट उकाडा कोकणपट्टीत कुणाला समजावून सांगायला नको. वेंगसरकरच्या पायात गोळे आले आणि त्याच्यासाठी धावायला लालचंद राजपूत आला. फटके वेंगसरकरचे, पाय राजपूतचे आणि पलीकडे कुरुविला. एका धावेचा निर्णय तिघांच्या डोक्यांत एकाच क्षणी व्हायला हवा होता. तरीही या जोडीने ४७ धावा काढल्या. वेंगसरकरने फिरकी गोलंदाज योगेंद्र भंडारीला षटकारांनी झोडपलं. मला त्या डावाचं मोल त्याच्या लॉर्ड्सवरच्या शतकांइतकंच वाटतं.

तीन धावा हव्या असताना एकेरी धावेसाठी हाक गेली, कुरुविलाला निघायला किंचित उशीर झाला आणि अमरजीत केपीच्या फेकीवर तो धावचीत झाला. मुंबई सर्वबाद ३५२. हरियाणा २ धावांनी विजयी. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि मैदानातच रडला.

त्या धावचीतचा दोष कुरुविलाच्या माथी मारणं मला पटत नाही. पिछाडीने मुंबईला पाठलागात ढकललं, उन्हाने रनर आणला आणि त्या गोंधळाची किंमत शेवटच्या माणसाने मोजली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रनर २०११ साली हद्दपार झाला.

हरियाणाचा हा पहिला आणि आजवरचा एकमेव रणजी करंडक. १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वेळा तो जिंकलेल्या मुंबईला मात्र १९९३-९४ पर्यंत थांबावं लागलं.