सूपची चव पाकिटात नसते

थंडीत छत्तीसगडातल्या बीरगांवच्या बाजारात टोमॅटो स्वस्त होतो. शेजारच्या दुर्ग जिल्ह्यातलं धमधा तर टोमॅटोसाठीच ओळखलं जातं. तरीही घरात सूपची फर्माईश झाली, की नवशिक्याचा हात पाकिटाकडे किंवा मसाल्याच्या क्यूबकडे जातो. त्याशिवाय हॉटेलसारखी चव येत नाही, असा समज असतो. क्यूबमध्ये सर्वात मोठा वाटा मिठाचा. बाकी जादू ग्लुटामेटची. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये ते समुद्री शेवाळाच्या पाण्यातून वेगळं काढलं. हेच ग्लुटामेट असलेल्या अजिनोमोटोच्या नावाने घाबरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट निसर्गतःच असतं, आणि गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात जास्त. आपण नेमका तोच फेकतो!

खरी चव पाणी घालण्याआधी तयार होते. चमचाभर तुपात बारीक चिरलेला कांदा, दोन लसूण पाकळ्या आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांत कांदा पारदर्शक होतो. तो लाल करायचा नाही. मग चार टोमॅटो आणि अर्धं गाजर घाला. टोमॅटो गळून कडेला तूप सुटेपर्यंत थांबा आणि मगच दोन कप पाणी ओता. गाजराने आंबटपणा आपोआप बसतो, साखरेची गरज सहसा पडत नाही. पंधरा मिनिटांनी वाटून गाळा, गाळणीत चमच्याने नीट दाबून. उरलेलं मीठ शेवटी, कारण सूप आटलं की खारटपणा वाढतो.

जास्त उकळलं की जास्त अर्क उतरतो, हे मटणाच्या हाडांबाबत खरं. भाज्यांना अर्धा तास पुष्कळ. कोबी-फ्लॉवर त्यापुढे उकळत ठेवले, तर गंधकाचा उग्र वास सुटतो.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लागतंच, हेही खरं नाही. पिठाने सूप दाट होतं, चवदार नाही. उलट पीठ जास्त झालं तर चव दबते. छत्तीसगडी घरात भाताचा पसिया असतोच. ही पेज अर्धी वाटी घातली तरी काम भागतं. कॉर्नफ्लोअरच हवं असेल, तर ते गार पाण्यात कालवून घाला. गरम पाण्यात गुठळ्या होणारच.

खारट सूपात बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो म्हणतात. तो ओढतो खारट पाणी. मागे राहिलेलं सूप तेवढंच खारट. त्यावर पाणी वाढवणं हाच उपाय.

मुनग्याचं, म्हणजे शेवग्याच्या शेंगांचं सूपही वरच्या टोमॅटो सूपच्या पद्धतीनेच करा. फक्त शेंगा उकडून गर चमच्याने खरवडून घ्या. सालं मिक्सरमध्ये गेली, तर धागे गाळणीतूनही निसटून तोंडात येतात.